अनंताचा वास

अंगणातल्या अनंताला यंदा फुलं खूप आली आहेत. काळपट हिरव्या पानांत ती पांढरी फुलं फाटकापासूनच दिसतात. माझी बायको सुमन रोज त्यातलं एक तोडते, नाकाशी धरते आणि माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवते. तापातून उठल्यापासून तिला कशाचाच वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, धीर धरा."

धीर मलाच धरवत नाही. परवा दूध उतू जाऊन भांडं करपलं, तरी ही शेजारी शांतपणे भाजी निवडत बसलेली. तेव्हापासून गॅस बंद आहे ना, हे मी उगाच पुन्हा पुन्हा पाहून येतो. पण खरी काळजी वेगळीच आहे. रंग सांगता येतो, गाणं गुणगुणून दाखवता येतं. वास कसा सांगायचा? एकाच झाडापाशी उभे असून आम्ही दोघं दोन ठिकाणी असतो.

आज सकाळी फूल हुंगताच ती दचकली.

"अहो, काहीतरी जळतंय का?"

मी स्वयंपाकघरात धावलो. गॅस बंद होता. बाहेरही कुठे धूर नव्हता. परत आलो तर ती तेच फूल पुन्हा हुंगत होती.

"यालाच येतोय. जळक्या रबरासारखा."

आता हे काय नवीन? फूल काढून घ्यायला मी हात पुढे केला, पण तिनं ते सोडलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"राहू द्या हो," ती म्हणाली, "घाण तर घाण, पण येतोय ना!"