अण्णांच्या घड्याळाचे चरे

सुट्टी लागली की माणसानं झोपावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मी झोपलो नाही, म्हणून हे सगळं झालं.

मी घाटनांदूरला शाळेत गणित शिकवतो, म्हणजे बारा महिने दमलेला असतो. त्या उन्हाळ्यात धर्मापुरीला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. माझे वडील, अण्णा, जन्मभर बसवर कंडक्टर. त्यांचं स्टीलचं घड्याळ नोकरीइतकंच जुनं, आणि त्यावर इतके चरे, की लांबून ते किसणीसारखं दिसायचं.

बायको म्हणाली, "आवो, अण्णांचं घड्याळ जरा चमकवा की. चारचौघांत बरं दिसंना ते."

मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातल्या माणसानं पाच मिनिटांत घड्याळाचा आरसा केला होता. दुपारी अण्णा झोपले, तसं उशाचं घड्याळ मी हळूच उचललं. टूथपेस्ट लावून अर्धा तास घासलं. घड्याळाला पुदिन्याचा वास आला, बाकी काही झालं नाही. मग पॉलिशपेपर आणला. (व्हिडिओतला 'बारीक' होता. आमच्या दुकानात मिळाला तो दारं-खिडक्या घासायचा.) बघता बघता जुने चरे गेले आणि त्यांच्या जागी शंभर नवे आले. सगळे एका दिशेनं, शिस्तीत.

आता मात्र घाम फुटला. तसाच शिवलिंगअप्पांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे भांडी चमकवायचं फिरतं चाक आहे.

"गुरुजी, हे कावून आणलं?"

"तेवढं चमकवून द्या, अप्पा."

"मी पातेले चमकवतो. घड्याळाचं मला काई ठावं न्हाई."

"पातेलंच समजा."

त्यांनी पातेलंच समजलं. घड्याळ हातात आलं तेव्हा त्यात मला माझा चेहरा स्वच्छ दिसला. दमलेलाच होता. काटे चालू होते, हे नशीब.

घरी अण्णा उठून उशी झटकत होते. मी घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे कुनाचं?"

"तुमचंच. पॉलिश केलंय."

"माझं असं न्हाई. इकलंस का हरवलंस, तेवढं सांग. मी रागवत न्हाई."

(हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्यानंतर ते रागावतात.)

अण्णांनी ट्रंक उपसली, ज्वारीच्या कोठीत हात घातला, शेवटी माझी शाळेची पिशवी फरशीवर पालथी केली. तेवढ्यात परळीहून बहिणीचा फोन. "दादा, अण्णाचं घड्याळ इकलंस म्हनं?"

"कुणी सांगितलं?"

"अण्णानीच. आत्ता फोन केलता. लई रडवेले झालेत."

शेवटी बायको म्हणाली, "अण्णा, टाइम तरी बगा त्यातला." अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्याकडे. चार मिनिटं पुढे. बस चुकू नये म्हणून त्यांनी जन्मभर ते तसंच ठेवलं होतं. ते खाटेवर बसले.

"म्हंजे माझंच हाय." त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "मग माझे चरे कुठं गेले?"

"हितं बसच्या दाराचा व्हता. हितं तिकिटाच्या पेटीचा. अन् हितं," त्यांचं बोट कडेवर थांबलं, "दवाखान्याच्या गेटाचा. तू झालास म्हून निरोप आला, तवा मी ड्यूटीवरून पळत गेलतो. गेट आडवं आलं."

पोरांना वर्षानुवर्षं वजाबाकी शिकवली. स्वतःचा जन्म वजा करण्याइतकी ती मला जमते, हे माहीत नव्हतं.

"अण्णा, परत पाडून घेऊ का? अप्पांकडं भांड्यावर नावं टाकायची मशीन हाय."

"खोटे नको," म्हणत त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं.

धर्मापुरीला जो तो त्यांचं मनगट धरून बघत होता. "नवं घेतलं काय, अण्णा?" "पोरानं केलं," एवढंच ते म्हणायचे. दिवसभर माझं कौतुक झालं आणि ते चुकवायला मी पंगतीत वाढत फिरलो. पंगत उठली तसा चुलतभाऊ स्वतःचं घड्याळ सोडत आला. "आमचंबी देता का करून?" मी नाही म्हणायच्या आत अण्णा म्हणाले, "द्या की. त्याचा हात बसलाय आता."

आज माझ्या टेबलावर चार पाहुण्यांची घड्याळं आहेत. एकालाही हात लावायची हिंमत होत नव्हती. काल धीर करून त्यांतल्या एका मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, कडेचा चरा ठेवायचा का काढायचा?"

"कोन्ता चरा? घड्याळ नवंच हाय की. नुसतं बंद पडलंय, तेवढं चालू करून दे."

मला घड्याळ दुरुस्त करता येत नाही, हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी फोन ठेवला आणि घड्याळाचं मागचं झाकण उघडायला बायकोकडे बारीक टोकाची सुरी मागितली.