नानांना बठ्ठं नको होतं

नाना मोबाइलचा पडदा डाव्या तळहाताने झाकून वाचायचे. वरच्या दोन ओळी तेवढ्या उघड्या. मला वाटायचं, यांना दिसत नाही आणि चष्म्याचा कमीपणा वाटतो. एकदा तसं बोलले तर म्हणाले, "पोरी, दखास माले. जास्तीच दखास, तेनाच तरास शे."

नाना आमच्या कंपनीचे पाइपलाइनचे सुपरवायझर. गावोगावच्या नळयोजना आम्ही करतो. शिक्षण सातवी, आणि सगळी उमर चर खोदून घेण्यात गेलेली. मी जळगावच्या ऑफिसात नवी. भडगावजवळच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आई कापूस वेचायची, वडील हमाली करायचे आणि माझ्या शिक्षणापायी घरात पाच उन्हाळे पंखा आला नाही. म्हणून कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं काम मिळालं तेव्हा माझी मान ताठ होती. अट एकच: सहा महिन्यांत साइटवरची माणसं स्वतः नोंदी भरू लागली तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

धुळ्याजवळचं सोनगीर, जिथे नाना होते, शिवाय भडगाव आणि चाळीसगाव, या तिन्ही कामांना मी एकच व्ह्यू केला, म्हणजे पडद्यावरची एकच मांडणी. छत्तीस रकाने. कोणी भरेना. नानांना फोन केला की ऐकू यायचं, "आठे बठ्ठं शे, फक्त मना कामनं काही नही." बठ्ठं म्हणजे सगळं. माझ्या घरचीच ही बोली, पण मी मुद्दाम पुस्तकी बोलायची, "नाना, माहिती परिपूर्ण असावी लागते."

"मंग काय, तिले चाटू?"

मी चिडून फोन ठेवायची.

एका सोमवारी साइटवरचे सुपरवायझरही बैठकीला आले होते; साहेबांनी भिंतीवर तो व्ह्यू दाखवला तर सोनगीर सोडून बाकी कामं गायब. नानांनी आपल्याला नको त्या ओळी लपवल्या होत्या. व्ह्यू सगळ्यांचा एकच, त्यामुळे सगळ्यांच्याच पडद्यावरून त्या गेल्या. सामाईक व्ह्यूला कुलूप लावणं, म्हणजे इतरांना तो बदलता येऊ नये असं करणं, माझं काम होतं. मी लावलं नव्हतं. साहेबांनी विचारलं आणि मी म्हणाले, "नानांनी बिघडवलं."

नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चूक स्वतःवर घेतली. "हां साहेब, मनाच हात लागना."

शिक्षा अशी, की नानांनी दर शनिवारी धुळ्याहून येऊन माझ्यासमोर शिकायला बसायचं. निवृत्तीला आलेला माणूस एसटीतून घामाघूम उतरायचा आणि खुर्ची ओढून म्हणायचा, "चाल मास्तरीनबाई, शिकाड." टोमणा मला बरोबर लागायचा. खरं सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी शिकवणं सोडून विचारलं, "नाना, तुमले काय पायजे?" ऑफिसात पहिल्यांदाच माझ्या तोंडून आमची बोली निघाली.

"सोनगीरले खडक शे. आज कोनती गल्ली खोदानी, तेवढं सांग. चाळीसगावले टाकी शे. तठला मिस्तरीले गल्ली कशाले? तेले स्लॅबले पानी किती दिन मारं, ते पायजे."

इतकं साधं होतं! छत्तीस रकाने मांडताना मी एकही साइट पाहिली नव्हती. सोनगीरचा व्ह्यू गल्लीवार केला, चाळीसगावचा दिवसवार, भडगावचा नदीकाठच्या टप्प्यांप्रमाणे. कुठेच सहाच्या वर रकाने नाहीत. पंधरा दिवसांत नोंदी येऊ लागल्या. आता राग यायचा तो माझाच मला.

शेवटी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की त्या दिवशीची चूक माझी होती. साहेब म्हणाले, "हे तेव्हाच बोलायला हवं होतं." त्यांनी शिक्षा म्हणून माझी मुदत तीन महिने वाढवली, म्हणजे कायम होणं तेवढं लांबलं, आणि नानांचे शनिवार बंद केले.

संध्याकाळी नानांचा फोन. "येडी शे का तू? मी दोन महिनामा रिटायर व्हसू. मनं काय जानार व्हतं? तुले आख्खी नोकरी करनी शे!"



निवृत्तीच्या दिवशी सोनगीरच्या शेवटच्या गल्लीची नोंद नानांनी स्वतः भरली. वाढीव मुदत संपली तेव्हा तिन्ही कामांच्या नोंदी साइटवरची माणसं रोज भरत होती, आणि मी कायम झाले.