नाखवांचं भिंग

आमच्या नाखवांना बोट लागायची. किनारा सुटला, की ते होडीत पाठमोरे बसत, डोक्यावरून ओला पंचा घेत आणि आतून हुकूम सोडत, "माझ्याकडे काय बघताय? बेटाकडे बघा!" शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला आम्ही नाखवा म्हणायचो, कारण कोकणातल्या त्या बेटावरचं बंद पडलेलं दीपगृह पुन्हा उजळायचं खूळ त्यांचं. बेट कुणा शेठचं खासगी. शेठची परवानगी नाखवांनीच काढलेली. आम्ही दहाबारा पुणेकर रविवारची दुपारची झोप सोडून त्यांच्यामागे जात असू. पुणेकराने ती सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. रुंद काठाची टोपी, मुलाचे जुने बूट आणि गळ्यात शिट्टी, असा माझा अवतार. शिट्टी कशाला, ते मला आजही कळलेलं नाही. समुद्राला रांगेत उभं करायचं असेल! आणि नाखवांनी नुसतं "वहिनी, जरा वर येता का?" म्हटलं, की ही बाई गुडघे विसरून गोल जिना चढायची. अगदीच बावळट होती हो.

दीपगृहाच्या माथ्यावर कमरेएवढं उंच भिंग होतं. काचेची कडी एकावर एक रचलेली आणि त्यांवर वर्षानुवर्षांच्या खाऱ्या वाऱ्याची पुटं. वर चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, मंगळसूत्र, सगळं जिन्याखालच्या पितळी डब्यात काढून ठेवायचं, हा नाखवांचा नियम. "एक ओरखडा पडला, की काच तो जन्मभर सांगत बसते," असं ते म्हणत. मी मुकाट्याने ओक्याबोक्या हातांनी वर जाई. आमच्या ह्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं सांगतोय, माझा चष्मा तू पदराने पुसतेस, तो नीट फडक्याने पूस. माझं कधी ऐकलंस?"

कौतुक ही वस्तू नाखवांच्या दुकानात मिळत नसे. आपण पुसलेल्या काचेवर ते हळूच फुंकर घालत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "दिसतेय मला काच. म्हणजे पुसली नाहीत." खालच्या कड्याला एक टवका उडालेला होता. त्यातला मळ कुणालाच निघेना. मी काडीला कापूस गुंडाळून तो काढला. त्यावरही नाखवा नुसतं "हं" म्हणाले. पण उतरताना जिन्यात थांबले. "दिवा लागेल त्या दिवशी बटण तुम्ही दाबायचं, वहिनी."

झालं! कोथरूडच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला मी आमंत्रण देऊन टाकलं. त्या दिवसासाठी निळी साडीसुद्धा घेतली.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तरी नाखवा फोनवर म्हणत, "थांबा जरा. छताचं काम चाललंय." मी थांबले. मग एके रविवारी मुलाने आम्हाला नव्या हॉटेलात जेवायला नेलं. कोशिंबिरीच्या टेबलाशेजारी, चौथऱ्यावर, जांभळ्या दिव्यात ते उभं होतं. मी वाकून खालचं कडं पाहिलं. टवका होता. हॉटेल कुणाचं, तर बेटाच्या शेठचं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. नाखवा कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू बसवत होते.

"भिंग पाहिलं मी."

"बरं दिसतंय ना? बेटावर कोण बघणार होतं हो त्याला?"

"तिथे लोक काकडी बघतात, नाखवा. हे ठरलं कधी?"

ते स्क्रू बसवतच राहिले. "पहिल्या फेरीच्या आधी. त्या अटीवरच शेठ बेटावर पाऊल ठेवू देणार होते."

"मग ते बटण?"

"तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर आला असता का?"

"नसते आले."

"म्हणून नाही सांगितलं." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "हॉटेलवाल्यांनी खसाखसा घासून त्याचं वाटोळं केलं असतं. तुमच्यासारखे हात मला कुठे मिळाले असते?"

इतक्या फेऱ्यांत त्यांनी माझं केलेलं हे एकुलतं एक कौतुक. तेही अशा वेळी, की घरी नेता येईना. मी दुकानाची पायरी उतरले. पुढे चष्मा बदलायला दुसरीकडे जायला लागले. तिथला मुलगा गोड बोलतो आणि नंबर चुकवतो.

नाखवा गेले, तेही मला उशिरा कळलं. निळ्या साडीची घडी मोडायची राहिली होती. ती नेसून मी एकटीच त्या हॉटेलात गेले. भिंगावर तेलकट बोटं उमटलेली. मी एक रिकामी वाटी घेतली, बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र तीत काढून ठेवलं आणि पर्समधून मऊ फडकं काढलं.

मॅनेजर धावत आला. "आजी, प्लीज, त्याला हात नका लावू!"

"बांगड्या काढल्यात बाळा," मी म्हटलं.

तो वाटीकडे बघत राहिला. मी खाली बसले आणि टवक्याचं ते एक कडं पुसलं, काच दिसेनाशी होईपर्यंत. बाकीची कडी मुद्दाम मळकी ठेवली. बघू देत नाखवांना वरून.