उष्टी बंदूक

नवी बंदूक घरी आली त्या दुपारी मी तिची नळी उघडली, नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "ही वापरलेली आहे."

ओसरीवर माझे दीर बसले होते. ते हसले. "वैनी, दुकानातनं आत्ता तर आणली. पिशवीबी निघाली न्हाई धड, आन वापरली कुणी?"

मी नळी बंद केली. या माणसाशी वाद घालायचा तर आधी चहा टाकावा लागतो, आणि माझी चहा टाकायची इच्छा नव्हती.

मला वासावरून कळलं, कारण पंचवीस वर्षं मी बंदूकच पुसत आले. माले गावच्या वरच्या अंगाला, रानाला लागून आमची भाताची खाचरं आहेत. पीक निसवायला लागलं की रानडुकरं उतरतात. माझे मिस्टर त्यांची एकनळी बारा बोअर घेऊन जायचे, हवेत एक-दोन बार काढायचे, डुकरं पांगायची. घरी आले की बंदूक ओट्याजवळ टेकवून म्हणायचे, "बघ गं जरा." म्हणजे मी नळी साफ करायची. गजाला चिंधी गुंडाळून आतबाहेर करायचं, काजळी निघेपर्यंत. बार त्यांनी काढायचे आणि पुसापुशी मी करायची, अशी वाटणी आमच्यात कधी ठरली तेसुद्धा आठवत नाही. शाळेत शिकवून दमून आले असले तरी ते माझंच काम.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. बंदूक ठाण्यात जमा झाली, तिथे तपासणीत नळी निकामी ठरली. मग मी पीक संरक्षणाचं लायसन्स स्वतःच्या नावावर मागितलं. प्रत्येक खिडकीवर मला एकच प्रश्न विचारला गेला, घरात पुरुष माणूस नाही का कुणी? मी प्रत्येक खिडकीवर सांगितलं, आहे, पण जमीन माझी आहे. एका साहेबांनी तर मला दोनदा विचारलं. त्यांना वाटलं असावं, पहिल्यांदा मला प्रश्न कळला नाही.

तो पुरुष माणूस म्हणजे हे दीर. माणूस वाईट नाही. आजारपणात धावून येतात, बाजारातून भाजी आणतात. पण त्यांनी आपला वाटा शहरातल्या एकाला फार्महाऊससाठी विकून टाकला. त्या माणसाने सगळीकडून भिंत घातली. पूर्वी दोन शेतांत वाटली जाणारी डुकरं आता सगळीच्या सगळी माझ्याकडे येतात. आणि दीर मला वर्षभर सांगत होते, "वैनी, बंदूक हे काय बायकांचं काम न्हाई. माझ्या नावावर घ्या. राखण मी करतो." मला पुढचं दिसत होतं. आधी राखण जाणार, मग पेरणीचं त्यांनी ठरवायचं, मग एक दिवस ते म्हणणार, एवढ्या डोकेदुखीपेक्षा विकून टाकू या. बंदूक माझ्या नावावर राहिली तर शेत माझ्या हातात राहील, एवढं सरळ होतं ते. म्हणून बंदुकीतली खोट मला पचेना. मी पहिल्यांदा काहीतरी स्वतः घेतलं आणि तेच नेमकं फसवून गळ्यात मारलेलं निघालं असतं, तर गावभर झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी पुण्यात दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या मागे पाहिलं. "सर नाही आले?"

"सर नाहीत. ही बंदूक वापरलेली आहे."

"मॅडम, कंपनीत प्रत्येक बंदुकीचा टेस्टिंगचा बार काढतात. त्याचा वास राहतो. लेडीजना माहीत नसतं."

टेस्टिंगचा बार काढतात हे मला माहीत होतं. एका बाराने नळीत किती काजळी धरते हेही मला माहीत होतं. या नळीत पार पुढपर्यंत शिशाचे ओरखडे होते. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालं होतं. वरून पॉलिश मारलं होतं, पण दुसऱ्याच्या वहीला नवं कव्हर घालून आणणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. मी हे सगळं त्याला दाखवलं. त्याने मान डोलवत ऐकून घेतलं आणि मला तेलाची छोटी बाटली फुकट दिली. बाटली घेऊन मी परत आले. का घेतली, याचा राग मला चांदणी चौकापर्यंत पुरला.

त्यातच खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, विळा, पहार, सगळं धुऊन देवापुढे मांडतात आणि बंदूकही ठेवतात. दीर सकाळीच अंघोळ करून हळदकुंकवाचं ताट घेऊन हजर.

"बंदूक द्या वैनी."

"देवापुढे उष्टी बंदूक ठेवायची?"

"उष्टी काय? ती काय भाकर हाय का?"

"दुसऱ्याने वापरून टाकलेली म्हणजे उष्टीच. खरं काय ते कळेपर्यंत मी ठेवणार नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. बाकीच्या हत्यारांची पूजा झाली. बंदूक कपाटात कुलपातच राहिली. जाता जाता ते म्हणाले, "दादा असता तर हसला असता तुमाला." मी दार जरा जोरातच लावलं.

या सगळ्या दिवसांत शेतात डुकरं येतच होती. वरच्या वाडीतली एक बाई माझ्याकडे वाट्याने भात करते. ती आणि तिचा नवरा पत्र्याचे डबे बडवून राखण करायचे. एकदा सकाळी ती दारात आली ती पायाला चिखल लागलेला घेऊनच. खालच्या खाचरात डुकरांनी लोळण घेतली होती. मी ओसरीवर उन्हात दस्ता तिरका धरून बघत बसले होते. तिने चिखलाचे पाय पायरीला पुसले.

"बाई, तुमी हितं बंदूक बघत बसा. डुकरं तितं भात बघत्यात."

मला तिचा राग आला. पण नेमकं तेव्हाच तिरक्या उन्हात मला दस्त्याच्या तळाशी काहीतरी दिसलं. तेवढी जागा पॉलिशपेपरने घासलेली होती, आणि लाकडाच्या रेषांत पांढरा रंग अडकला होता. १७.

हा आकडा काय आहे, ते मला सांगायला कुणी नको होतं. निवडणूक आली की सगळ्या लायसन्सवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमच्या ठाण्यातले एक हवालदार, घोटाळा नको म्हणून, प्रत्येक दस्त्याच्या तळाशी पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालतात. मिस्टर दर निवडणुकीनंतर त्यांना शिव्या देत घरी यायचे, आणि तो रंग रॉकेलने काढायचं कामही अर्थातच माझं असायचं.

मी बंदूक घेऊन तडक ठाण्यात गेले. हवालदार जेवत होते. त्यांनी डबा बाजूला सारला, चष्मा लावला, दस्ता खिडकीपाशी नेला.

"ह्ये तर माझंच अक्षर हाय," ते म्हणाले. "साताच्या पोटात रेघ मीच मारतोय."

त्यांनी रजिस्टर काढलं. बंदुकीचा नंबर जुळला. कासारसाईकडच्या एका शेतकऱ्याची होती. लेकीकडे राहायला इकडे आले होते, तेव्हा इथे जमा केलेली. नंतर वय झालं, लायसन्स बंद केलं आणि बंदूक रीतसर दुकानाला विकली. गुन्हा नाही, भानगड नाही. फक्त दुकानदाराने जुनीला नवी म्हटलं होतं. मी तिथूनच त्याला फोन लावला आणि रजिस्टरमधलं सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला,

"मॅडम, म्हणजे तुमच्यासाठी नवीच ना."

हवालदारांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांचं नुसतं नाव ऐकल्यावर दुकानदाराचा आवाज एकदम गोड झाला. बदलून देतो म्हणाला. पण नवी यायला दोन महिने, आणि लायसन्सवर नोंद पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांनी माझ्या खाचरांत नुसती धसकटं असणार होती. मी म्हटलं, राहू दे हीच, किमतीतला फरक परत कर. हवालदार मला म्हणाले, "तुमी बरोबर वळखलं बाई. आमच्या लक्षात आलं नसतं." इतक्या दिवसांत हे वाक्य मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. घरी येईपर्यंत मी ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं.

दीरांना सांगितलं. त्यांनी दस्ता उलटा करून आकडा पाहिला आणि सरळ कबूल केलं, "चुकलो वैनी. तुमाला कळतंय बंदुकीतलं." मग म्हणाले, "चला तर मग. उजेड हाय तवर बांधावर जाऊ. काढा एक बार."

आम्ही गेलो. खालचं खाचर पार विस्कटलं होतं, पण वरची तीन उभी होती. वाडीतली ती बाई बांधावर डबा घेऊन बसली होती. मी काडतूस भरलं, नळी बंद केली, आणि चापाकडे नेलेलं बोट मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा घेतलं.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाही बार काढलेला नव्हता. हजार वेळा ती नळी पुसली होती, चापाला बोट कधी लावलं नव्हतं. या पंधरा दिवसांत मी खोट शोधत होते, ती होतीही, पण तिच्या आड मी लपले होते. बंदूक खोटी आहे तोवर मला ती चालवावी लागणार नव्हती. त्यापायी एक खाचर गेलं. मला माझीच लाज वाटली.

मी बंदूक खाली केली आणि दीरांना म्हणाले, "मला येत नाही. घ्या तुम्ही. तुमचंच खरं होतं."

ते घेईनात. दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

"वैनी, मला बी येत न्हाई."

"म्हणजे?"

"दादानं कधी हातच लावू दिला न्हाई. मी आपला बॅटरी धरून मागं."

वर्षभर हा माणूस माझ्याकडे बंदूक मागत होता! मला हसू यायला हवं होतं, पण मला मिस्टरांचा राग आला. ते गेल्यापासून इतका राग कधी आला नव्हता. बायकोच्या हातात चिंधी दिली, भावाच्या हातात बॅटरी दिली, आणि बंदूक एकट्याने चालवली. आपल्यामागे या दोघांनी काय करायचं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मी ते बांधावर मोठ्याने बोलले. दीर मान खाली घालून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "उभा कसा ऱ्हायचा, ते ध्येनात हाय माझ्या."

"मग सांगा."

"डावा पाय म्होरं टाका. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट दाबा, ढिला ठिवायचा न्हाई. नळीचं तोंड वर, त्या आंब्याच्या वरून. आता दम धरा."

मी चाप ओढला. खांद्यावर धक्का बसला, कान बधिर झाले आणि मी दोन पावलं मागे गेले, पण पडले नाही. वाडीतली बाई डबा टाकून उठली होती. दीर अजून कानांवर हात धरूनच उभे होते. त्यांनी हात काढले आणि परत पाय, खांदा, सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तोवर मी दुसरं काडतूस भरलं होतं. त्यांचं सांगून व्हायची वाट मी पाहिली नाही.