मेल्विनची बेअरिंग

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघतो.

मेल्विन माझा मित्र. भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरच्या पालीचा, भावाच्या बोटीवर मासेमारी करणारा. मी भाईंदरला राहतो, विम्याच्या ऑफिसात बसतो. आमची गाठ सायकलीमुळे पडली. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण माउंटन बाइक घेऊन पालीजवळच्याच चौकच्या टेकडीवर जायचो. माझी सायकल नवी, भारीतली. त्याची जुनी, कुणाकुणाच्या हातून आलेली. आणि तरी उतारावर तो पुढे. थोडाथोडका नाही — मी खाली पोचायचो तेव्हा तो पाणी पिऊन दगडावर बसलेला असायचा. "आलास? ये, ये," म्हणायचा. चिडवायचा नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं का? कोण जाणे.

एका रविवारी मंजिरी, माझी बायको, सोबत आली. तिने मोबाइलवर आमचे दोघांचेही व्हिडिओ काढले. स्टेटसला ठेवला तो मेल्विनचा. "तो उतरताना बघत राहावंसं वाटतं रे," म्हणाली. सहज. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा पाहिला. कशासाठी? एखादी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही.

पण एक गोष्ट मला यायची, त्याला नाही — सायकल उघडणं. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या सायकली मीच दुरुस्त करायचो. अशा सायकलीचा मागचा भाग सांध्यांवर वरखाली होतो. सांध्यांत छोटी बेअरिंग असतात, धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या टोकांना बुश, म्हणजे बारीक नळ्या. ती झिजली की मागचं चाक किंचित डुलतं. किंचितच — पण उतारावरच्या वळणात सायकल आपलं ऐकत नाहीये असं वाटतं. मेल्विनची खाऱ्या हवेने पार गेली होती. आम्ही दोघांनी नाव दिलेली उतारावरची सायकल स्पर्धा महिन्यावर आलेली. त्याने नवी बेअरिंग-बुश मागवली आणि सायकलीसकट माझ्याकडे आणून दिली. "तुजा हात लागला की मला टेन्शन न्हाय."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मी बोल्ट काढले. आणि — कसं सांगू — नवं पाकीट फोडलंच नाही. जुनीच बेअरिंग पुसली, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. माझ्या सायकलीतून कधीतरी निघालेली गंजकी बेअरिंग डब्यात पडून होती. ती त्याच्या तळहातावर ठेवली. "बघ, ही निघाली तुझी."

"बापरे, काय हालत झालेली!" तो म्हणाला. माझे आभार मानले त्याने.

पुढच्या रविवारी म्हणाला, "अजून हलते हाय रे." मी चाक धरून हलवून दाखवलं — दुसऱ्या हाताने सांधा दाबून धरला होता. "कुठे हलतेय? सायकल टाइट आहे, मेल्विन. तुझ्या मनात आहे."

त्याने मानलं. का नाही मानणार? मग तो दर वळणाला ब्रेक दाबायला लागला. सायकलीवर नाही, स्वतःवर संशय घ्यायला लागला. स्पर्धेच्या दिवशी अर्ध्या उतारावर तो सायकलीवरून उतरला आणि हातात धरून चालत खाली आला. मी त्याच्या शेजारून गेलो. खरं सांगू? आनंद झाला. लाज नंतर आली — बरीच नंतर.

त्याने सायकल विकायची ठरवली. दुसऱ्या कुणी उघडली तर? म्हणून "मलाच दे" म्हणालो. त्याला वाटलं, मित्राची आठवण म्हणून घेतोय. घरी आणली आणि त्याच दिवशी नवी बेअरिंग बसवली. दुपारभराचं काम. मग चौकला नेऊन उतारावर सोडली. जराही डुलली नाही.

गेल्या महिन्यात पालीला त्याच्या घरी गेलो होतो. शेरॉनवहिनी चहा देताना म्हणाल्या, "भावजी, कसल्या पन वाऱ्यात बोट काढायचा हा. आता बोटीवर कठडा धरून चालतो. भाऊ बोलतो, तू किनाऱ्यावरच ऱ्हा. असा कसा झाला हो हा?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. सांगण्यासाठी याहून चांगली वेळ कुठली असते?

"वय, वहिनी," मी म्हणालो. "होतं असं."

मेल्विन दारात बसून जाळं शिवत होता. त्याने मान हलवली. "हां. वयच."

तो एकेचाळीस वर्षांचा आहे. मी चहा संपवला आणि निघालो.