मुरादचे दोन पल्ले

१९९६ साल. दिवाळी होऊन गेली होती, धान कापणीला आलं होतं. त्या हंगामात मी मस्कतला गेलो. मी सुतार, गाव चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळ, शिक्षण चौथी. सोबत दोघे होते. चंद्रपूरचा रशीद, लाकडाला पॉलिश करणारा, आणि धानोऱ्याच्या जंगलातला सोमा मडावी. सोमाही सुतारच. तिघांत एक खोली, करार दोन वर्षांचा.

लाकूड कापलं की भुसा साचतो, तसे त्या दोन वर्षांत किस्से साचले. रशीद आता नाही. सोमाला कमी ऐकू येतं. म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. वाढवून सांगायची मला सवय नाही.

* * *

पहिल्याच आठवड्यात रशीद दुपारी दोनला साबण आणायला गेला आणि पळत परत आला. आत येऊन कडी लावली.

"भाऊ, बाहेर निघू नोका. पूरा मार्केट बंद हाये. शटरं खाली. रस्त्यावर कुत्रं नाई."

"काऊन? काय झालं?"

"मले काय मालूम? कोनी मोठा मानूस मेला असन, नाई तं दगडफेक."

आमच्याकडे भर दुपारी शटर खाली आलं की तिसरा अर्थ नसतो. दाराला खाट लावून आम्ही तिघे बसलो. चार वाजता खिडकीतून पाहिलं तर समोरचा दुकानदार शटर वर करून जांभया देत होता. तिथे रोज दुपारी सगळे घरी जाऊन झोपतात.

रशीद म्हणाला, "देश चांगला हाये."

* * *

एकदा सोमाला रस्ता ओलांडायचा होता. तो कडेला उभा राहिला तशी एक मोठी पांढरी गाडी थांबली. तिथे पायी माणसासाठी गाडी थांबते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. धानोऱ्याकडे जीप थांबली म्हणजे आतल्याला रस्ता विचारायचा असतो. सोमा खिडकीशी गेला.

"कुठी जाचं हाये तुमाले?"

आतल्या अरबाने हात हलवून 'पुढे जा' म्हटलं. सोमाला वाटलं, बसायला सांगतो आहे. तो बसला.

संध्याकाळी तीच गाडी त्याला खोलीपाशी सोडून गेली. हातात खजुराचा डबा.

"कुठी होता?" मी विचारलं.

"त्याच्या घरी. जेवलो."

"काय म्हनत होता तो?"

"मले कुठी समजलं? पन रस्ता नाई विचारला त्यानं."

* * *

हाच सोमा रस्त्याकडेची झाडं पाहून हळहळायचा. प्रत्येक बुंध्याशी पाण्याची बारीक नळी लावलेली असायची.

"भाऊ, सगळे झाडं बिमार हायेत. सलाईन लावून ठेवले." मग म्हणाला, "गावी गेल्यावर आपल्या मोहाच्या झाडाले हे सांगू नोका."

 गावी धानाचा हंगाम होता आणि खोलीवर आम्ही पिशवीतला तांदूळ शिजवत होतो. त्याला वास नव्हता.

* * *

आम्ही कामाला होतो त्या दरवाजांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर मुराद होता. बलुची, पण मस्कतमध्येच जन्मलेला. माझ्याच वयाचा. हिंदी मोडकं, आणि दिवसाला दहा शब्द. माझेही तेवढेच. आमचं जमलं.

दुसऱ्या वर्षी मला ताप आला. एका घराचे दरवाजे गुरुवारी द्यायचे होते आणि माझ्या वाट्याचे दोन पल्ले, म्हणजे दाराच्या दोन झडपा, बाकी होते. काम चुकलं तर परतीचं तिकीट हातात देईन, असं मालकाने आधीच सांगितलं होतं. मी चार दिवस खाटेवर. पाचव्या दिवशी गेलो तर दोन्ही पल्ले तयार, वर माझा कामगार नंबर टाकलेला. आपलं काम संपल्यावर रोज मागे थांबून मुरादने ते केले होते.

मी पैसे काढले. त्याने पाहिलंही नाही. माझी मलाच लाज वाटली. आमच्याकडे इर्जिक असते. गाव एकाच्या शेतात राबतं, पुढे तो इतरांच्या शेतात राबतो. काम कामानेच फिटतं. इर्जिकीत खिशात हात घालणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता, आणि आता मीच घातला होता.

"मेरे पर तेरा दो पल्ला है," मी म्हणालो.

"भूल जा."

मी विसरणारा नाही. हे अंगावर घेऊन मला गावी जायचं नव्हतं.

* * *

आठ महिने त्याने मला संधी दिली नाही. त्याच्या टेबलावरचा रंधा उचलला की तो माझ्या हातातून काढून घ्यायचा.

एकदा अर्धा तास पाऊस पडला. मालकाने सुटी दिली, लोक गाड्या काढून पाणी पाहायला गेले. आमच्याकडे पावसाची सुटी द्यायची म्हटलं तर दिवाळीपर्यंत कोणी कामावर येणार नाही. मी गुपचूप कारखान्यात गेलो. म्हटलं, आज त्याचं काम उरकून टाकू. मुराद आधीच टेबलावर बसलेला.

"मालूम था," तो म्हणाला.

खोलीवर रशीद म्हणाला, "भाऊ, तो बिमार पडावा म्हनून दुवा करू का?"

"चूप बस."

"मोठी नाई मांगत. दोन पल्ल्यांपुरती."

* * *

कराराचा शेवटचा शुक्रवार. विमान सोमवारी. कारखाना बंद, सामान बांधलेलं. सकाळी मुराद खोलीवर आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"घर का दरवाजा टूट गया. दो पल्ला. औजार ले ले."

मस्कतच्या मत्रा भागात एका गल्लीत त्याचं घर. आत तो आणि त्याची म्हातारी आई, एवढीच माणसं. दोन्ही पल्ले खालून फुटलेले. मी वाकून पाहिलं. फुटलेल्या जागी लाकूड कोरं होतं, धुळीचा कण नाही. कडेला सुताराच्या पटाशीची सरळ खूण.

"किसने तोडा?"

"बकरी ने."

मी बकरी कुठे दिसते का पाहिलं नाही. पिशवीतून रंधा काढला.

मुराद दिवसभर सावलीत बसून राहिला. एका खिळ्याला त्याने हात लावला नाही. त्याच्या आईने दोनदा चहा दिला. ऊन उतरायच्या आत मी दोन्ही पल्ले चौकटीत उभे केले. त्याने उघडून पाहिले, लावून पाहिले.

"बराबर?" मी विचारलं.

"बराबर."