नऊ घरांचा हमिंगबर्ड

यंदा आमच्या गल्लीची प्रमुख मी आहे, आणि गल्ली अजून शाबूत आहे.

ईरा, निशांत, हे मुद्दाम लिहून पाठवते आहे, कारण फोनवर सांगायला लागले की तुम्ही दोघं इतकं हसता की मला पुढचं आठवत नाही. बाबांनी वाचून दाखवताना काहीही गाळू नये. (विवेक, विशेषतः तुझ्या वडिलांचं बोलणं गाळू नकोस. त्यांचं बरोबर होतं, हे मी लेखी देते आहे. पुन्हा देणार नाही!)

योकोहामातल्या आमच्या ह्या उतारावरच्या गल्लीत नऊ घरं आहेत. दर वर्षी एका घराकडे 'हान्चो'पद येतं, म्हणजे गल्लीचं प्रमुखपद. कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवायचं, सफाईच्या दिवशी सगळ्यांना गोळा करायचं, आणि 'काइरानबान' फिरवायचा. काइरानबान म्हणजे सूचना लावलेला एक क्लिपबोर्ड. पहिल्या घराने वाचायचा, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचा. असा तो नऊ घरं फिरून परत येतो. सावकाश. प्रत्येक घरी एक दिवस मुक्काम करत, लाडावलेल्या पाहुण्यासारखा.

बावीस वर्षांत ही पाळी दोनदा आमच्या दारापर्यंत आली आणि दोन्ही वेळा फार अदबीने आमचं घर ओलांडून पुढे गेली. "तुम्हाला उगाच त्रास नको," असं कुरोदा-सान म्हणाले होते. कुरोदा-सान म्हणजे शेवटच्या घरातले निवृत्त स्टेशनमास्तर, आणि गल्लीतला शेवटचा शब्द. (त्यांनीच एकदा आमची कचऱ्याची पिशवी आम्हाला परत आणून दिली होती. तीत एक बाटली होती आणि बाटलीला झाकण होतं. झाकण वेगळ्या दिवशी जातं!)

त्रास म्हणे! मी पंचवीस वर्षं पुण्यात इंग्रजी शिकवलं, चाळीस-चाळीस वह्या लाल शाईने तपासल्या, एका स्वल्पविरामासाठी मुलांना उभं केलं. मला नऊ घरं सांभाळता येणार नाहीत? म्हणून यंदा पाळी एकदाची आत आली तेव्हा मी ठरवलं: वर्षभरात एक चूक होऊ द्यायची नाही. एक जरी झाली, तरी पुढच्या फेरीत आपलं घर पुन्हा अदबीने ओलांडलं जाणार. ह्या विचाराने मला एप्रिलपासून नीट झोप नव्हती.

आता बागेकडे येते. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर मातीवर संशोधन केलं, पण आमच्या घराच्या मातीला हात लावते ती मीच. ऑक्टोबरअखेर सगळ्यांच्या बागा झोपायला लागतात, माझी मात्र जागी असते. दसऱ्याला तोडूनही उरलेला झेंडू, निळा साल्व्हिया, थकलेली झिनिया आणि कुंपणाला घाणेरी. (हो, घाणेरीच! पुण्यात तिला उपटून फेकायचे. इथे ती कुंडीत, रिबीन बांधून मिळते.)

तर त्या घाणेरीवर एका सकाळी तो आला. बोटाएवढा. हवेत एका जागी थांबलेला. पंख दिसतच नव्हते, नुसती थरथर, आणि लांब चोच फुलात! शेपटी पंख्यासारखी पसरलेली. माझ्या हातातली झारी माझ्याच पायावर रिकामी झाली.

"अहो! अहो, लवकर या! हमिंगबर्ड!"

आजोबा आले तोवर तो उडून गेला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. (आजोबा मिशीवरून हात फिरवतात तेव्हा समोरच्याचं चुकलेलं असतं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, मला ती खूण पाठ आहे आणि मी ती कधीही मानलेली नाही.)

"अगं, जपानमध्ये हमिंगबर्ड नसतो."

"तेच तर! नसतो आणि आला, म्हणजे कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला आहे!"

"मला वाटतं, तो पक्षी..."

"तुम्ही मातीचे माणूस. वर काय उडतं ते राहू द्या."

इथे तुम्हा दोघांचाही थोडा दोष आहे, हे सांगून ठेवते. उन्हाळ्यात तुम्ही कॅलिफोर्नियाच्या तुमच्या गॅलरीतून मला हमिंगबर्ड दाखवलेत आणि ईरा म्हणाली, "आजी, तुझ्याकडे एकपण नाही?" त्या 'एकपण'मध्ये जी दया होती, ती मला चार महिने टोचत होती.

शेजारच्या सातो-सान ऐंशीच्या आहेत. मी त्यांना कुंपणावरून सगळं सांगितलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, "स्स्स..." आणि म्हणाल्या, "पक्षी. हं. पक्षी, होय का?" इथे बावीस वर्षं राहिलेल्या माणसाला कळायला हवं की ही हवा आत गेली म्हणजे उत्तर 'नाही' आहे. मला ते आश्चर्य वाटलं!

आणि मला आता घाई झाली होती. बिचारा परदेशी जीव, थंडी तोंडावर आलेली. (तो परदेशी, मीही परदेशी. मी त्याला मनातल्या मनात आपला मानलं होतं, हे कबूल करते.) गेल्या वर्षीच्या हान्चोंनी काइरानबानवर सूचना लावून कुणाचा तरी सुटलेला पोपट शोधून दिला होता आणि गल्लीभर त्यांचं कौतुक झालं होतं. मी पट्टी घेऊन बसले. माझ्या सर्वांत सुवाच्य जपानी अक्षरात सूचना लिहिली. एक, हमिंगबर्ड सापडला आहे, मालकाने संपर्क साधावा. दोन, पुढची सूचना येईपर्यंत कुणीही बागेतली फुलं कापू नयेत. तीन, तोवर मांजरं घरात ठेवावीत. खाली माझा शिक्का, आणि वर लाल शाईने, दोनदा अधोरेखित: तातडीचे.

आजोबांनी ती वाचली. मिशी. "दोन दिवस थांबलीस तर?"

"आणि तो मेला तर?"

सकाळी नऊ वाजता बोर्ड सातो-सानच्या हातात दिला. दहा वाजता हमिंगबर्ड पुन्हा आला आणि मी व्हिडिओ घेतला! अकरा वाजता, म्हणजे तुमच्या कालच्या संध्याकाळी, मी तुम्हाला फोन लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसं होतं ते ऐका.

"आजी, पॉज कर," ईरा म्हणाली. "आता झूम कर. डोक्यावर बघ."

"बघते. काय गोड डोकं आहे."

"आजी, इट हॅज अँटेना."

मी चष्मा पुसला. डोक्यावर दोन मिशा होत्या. चांगल्या ऐटबाज.

"बर्ड्स डोंट हॅव अँटेना, आजी," ईरा अगदी हळू म्हणाली. मी वर्गात मठ्ठ मुलांशी ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात.

"आजी, इट्स अ बग!" मागून निशांत आनंदाने ओरडला.

पतंग! उडवायचा नव्हे, फुलपाखराचा तो दुर्लक्षित चुलतभाऊ. मी फोन तसाच ठेवून चपला शोधायला लागले. (फोन चालूच राहिला, आणि त्यानंतरचं आजोबांचं हसणं तुम्ही दोघांनी अर्धा तास ऐकलंत, हे मला मागाहून कळलं.)

मी मनाशी हिशेब केला. बोर्ड एका घरात एक दिवस राहतो, म्हणजे अजून सातो-सानच्या वर्तमानपत्राखालीच असेल. परत घ्यायचा, फाडायचा, कुणाला काही कळायच्या आत संपवायचं.

"पुढे दिला की," सातो-सान म्हणाल्या. "लगेच दिला. तुम्ही 'तातडीचे' लिहिलं होतं ना!"

बावीस वर्षं गोगलगायीसारखा चालणारा तो बोर्ड माझ्या दोन लाल रेघांनी बुलेट ट्रेन झाला होता!

तिसऱ्या घरी गेले. नाही. पुढे गेला होता. चौथ्या घरातून एक भयंकर आवाज येत होता. खिडकीच्या काचेला मिकान नावाचं जाडं नारिंगी मांजर चिकटलं होतं आणि माझ्याकडे बघून रडत होतं. त्याची मालकीण वाकून म्हणाली, "लिमये-सान, काळजी करू नका. कितीही रडलं तरी सोडणार नाही." (त्यांना ल जमत नाही, त्या 'रिमाये-सान' म्हणतात. पण त्या क्षणी मला कुठल्याही नावाने हाक नको होती.)

खरं तिथेच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "आभारी आहे."

पाचव्या घरातल्या दोन मुलींनी फाटकावर कागद लावला होता: 'पक्षी आहे, हळू बोला'. खाली चित्र. त्यांनी काढलेल्या पक्ष्याला, बाळांनो, मिशा होत्या! पाच आणि सात वर्षांच्या मुली! मी त्यांना हळू आवाजात शाबासकी दिली आणि पळाले. सातव्या घरासमोर माळी शिडी लावून तयार होता. वर्षातून एकदाच मिळणारी त्याची तारीख होती. मालक त्याला सांगत होते की हान्चोंची सूचना आहे, आज एकही फांदी कापायची नाही. माळी माझ्या वयाचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, कुंपणावरच्या फुलांकडे पाहिलं, दातांतून हवा आत ओढली आणि मुकाट्याने शिडी उतरवायला लागला.

मग मात्र मला कळलं. सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यापासून. गल्लीत फक्त मलाच माहीत नव्हतं.

उरलं नववं घर.

कुरोदा-सान पायरीवर बसले होते. मांडीवर बोर्ड. त्यावर आठ शिक्के, नववा चौकोन कोरा. मी उतार पळत आले होते, मला धाप लागली होती, केसांचा अंबाडा सुटला होता आणि पायात एक माझी व एक आजोबांची चप्पल होती.

"बसा," ते म्हणाले.

मी बसले. मी तयार केलेलं वाक्य बावीस वर्षांच्या जपानीसकट नाहीसं झालं. शेवटी म्हटलं, "कुरोदा-सान, तो पक्षी नाही."

"नाही," ते म्हणाले.

"पतंग आहे."

"होजाकु. नावाचा अर्थ मधमाशी-चिमणी. नावातच चिमणी आहे, त्यामुळे गोंधळ होतो."

मला वाटलं, आता हे बोर्ड काखेत मारणार आणि म्हणणार, तुम्हाला उगाच त्रास नको. गेलं आपलं घर. कायमचं ओलांडलं गेलं.

त्यांनी बोर्ड उचलला, फिरवला आणि माझ्यापुढे धरला. वर पेन ठेवलं. लाल.

"चुकीचा सिग्नल ज्याने दिला, त्यानेच काढायचा असतो," ते म्हणाले. "दुरुस्ती हान्चोच करतात. हान्चो तुम्ही आहात."

मी 'हमिंगबर्ड' खोडला. वर 'पतंग' लिहिलं. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरावर लाल शाई चालवली, बाळांनो. फार बोचते ती! मग त्यांनी सावकाश आपला शिक्का काढला आणि नवव्या चौकोनात मारला.

"सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "कुणी बोललं का नाही?"

"फुलं आठवडाभर जास्त राहिली तर कुणाचं काय बिघडतं?" मग ते बराच वेळ समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे बोलले. "माझ्या स्टेशनात फुलांचा वाफा होता. मी तरुण होतो. तो तिथे आला. मी प्राणिसंग्रहालयाला फोन केला. दोन माणसं जाळं घेऊन आली."

"मग?"

"मग जाळ्यात पतंग निघाला. प्रवाशांनीही पाहिलं," ते म्हणाले आणि उठून आत गेले. दार लावलं. दारामागे ते हसत होते की खोकत होते, ते मी विचारलं नाही.

दुरुस्ती अर्थातच पुन्हा नऊ घरं फिरली. ह्या वेळी मी वर 'तातडीचे' लिहिलं नाही, त्यामुळे ती बारा दिवस फिरली! मी मिकानच्या मालकिणीला तोंडी सांगून पाहिलं. "हो का, छान," ती म्हणाली, "बोर्डावर येईलच ना?" तो आल्यावरच मांजर सुटलं, आणि आता मला बघितलं की ते रस्ता बदलतं. तोवर कुणी एक फूल कापलं नाही. नोव्हेंबर उजाडला तरी आमचा उतार वरपासून खालपर्यंत फुललेला होता आणि नऊही बागांत ते मिशीवाले थरथरत फिरत होते. हान्चोची पाळी पुन्हा नऊ वर्षांनी येईल. मी ऐंशीची असेन. पुढच्या फेरीच्या यादीवर कुरोदा-साननी आमचं नाव स्वतः लिहिलं आहे, शाईने.

मी मात्र आता सावध झाले आहे. बागेत काही हललं की आधी मिशा बघते, मगच तोंड उघडते. परवा घाणेरीच्या मागे काहीतरी हललं. मी श्वास रोखला, चष्मा लावला, दबकत पुढे गेले. मिशा होत्या. मी मुळीच ओरडले नाही. शांतपणे मागे वळले आणि आत जाऊन चहा टाकला.

दहा मिनिटांनी आजोबा आत आले आणि म्हणाले, "अगं, मी तिथे कुंपणात अडकलो होतो. तू बघून परत गेलीस?"